राखण

खात्यानं मला एक शिट्टी दिली, एक टॉर्च
आणि डोकं नसलेला एक नंदी.
सही केल्यावर तिन्ही वस्तू माझ्या ताब्यात.

चांदरला सकाळी आठला फाटक उघडतो.
विटांचे थर, जोत्याची रेघ,
मध्ये हा, पाय दुमडून.
लोक येतात, आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे:
डोकं कुठंय?
जसं काही मीच घरी नेलंय.

सुरुवातीला सनावळी सांगायचो,
कदंब, घोडेस्वार, आग, मग गलबतं.
आता विचारणारा बघून बोलतो.
शाळेच्या पोरांना म्हणतो, चरायला गेलंय.
एका साहेबाला म्हटलं, चौकशी चालू आहे.
त्यानं ते लिहूनही घेतलं.

पलीकडची पिएदाद दुपारी पेज आणून देते,
वर खारातली कैरी.
तिच्या विहिरीच्या काठाला एक दगड आहे,
दोरानं घासून गुळगुळीत,
एका अंगाला पानासारखा वळलेला.
"कान आसतलो रे," ती म्हणते.
तिच्या सासूनं सगळं त्याच्यातच सांगितलं म्हणे,
नवऱ्याची बोट मोझांबिकला लागली ते,
आणि पत्रं थांबली तेही.
मी हात फिरवून पाहिला.
कान असेल. नुसता दगडही असेल.
खात्याला कळवायला कागद काढला,
वर तारीख घातली,
तेवढ्यात तिची घागर पाण्याला टेकली.
कागद अजून तारखेवरच आहे.

इंत्रुजाच्या सोमवारी रात्री
कायतान, इनास, रुझारियूचे दोघे मुलगे
पांढरी धोतरं नेसून, पायांत घुंगरं बांधून निघतात.
गळ्यात क्रूस, हातात मुसळ.
दारोदार अंगणात आपटतात
आणि कुठल्याशा राजाच्या जयाचं गातात.
शब्द इतके झिजलेत की
गाणाऱ्यालाच अर्धे लागतात.
मी विचारलं, हे कोण जिंकलं होतं?
इनास म्हणाला, "आमी."
एवढंच. आणि पुढच्या दाराला गेला.

सगळं मुसळ केरात, असं आपण म्हणतो.
इथं राजा केरात, कोट केरात,
मुसळ तेवढं हातात राहिलं.

परवाही तेच.
धप्प. धप्प. दुरून, जमिनीतून.
मी टॉर्च मानेच्या तुटक्या जागी धरला.
तिथं एक बेडूक बसला होता,
गालफडं हलवत, अगदी मालकासारखा.
पाठीवर हात ठेवला तर दगड
दुपारच्या उन्हानं अजून कोमट.

नोंदवहीत रोजच्यासारखं लिहिलं:
नंदी एक. जागेवर.
मग 'जागेवर' खोडून पुन्हा लिहिलं.
अक्षर हललं होतं.