तपासणीच्या थाळ्या

कोठीतल्या पेटीत नव्या थाळ्या होत्या,
कधीच न खरकटलेल्या.
साहेब यायचे त्या दिवशी त्या निघायच्या
आणि आमच्या पोचे पडलेल्या
गोणीत भरून संडासामागे जायच्या.

मी मॉनिटर. पेटीची चावी गळ्यात,
शिट्टी तिच्यासोबत.
काळमेघ मॅडम घोकून घ्यायच्या,
"सायबानं पुसलं त काय सांगसान?"
"भाजी रोज. अंडं बुधवारी."
अंडं आम्ही तक्त्यावर पाहिलं होतं,
नाहीतर घरी, कोंबडीखाली.

फुलवंती बेठेकर सातवीत.
कोरकूत बोललं की मैदानाला दोन चकरा,
म्हणून ती बोलतच नसे.

जीप आली. थाळ्या मांडल्या.
त्यांत छताचा पत्रा दिसत होता.
वरणाची बादली पहिल्या ओळीशी पोचली
आणि फुलवंतीनं थाळी पालथी घातली.
एवढंच.
घासून झाल्यावर चुलीपाशी घालतात तशी, हळूच.
मग शेजारच्या रुमकीनं.
मग आवाज ओळीओळीनं सरकत गेला,
कवेलूंवरून माकडं चालत जावीत तसा.

साहेबांचं पेन थांबलं.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
शिट्टी माझ्या ओठांत होती.
मी ती फुंकली नाही,
हे मी वीस वर्षं सगळ्यांना सांगते.
फुंकायला श्वास घेतला होता
आणि थुंकी अडकली,
हे सांगत नाही.

संध्याकाळी फुलवंतीचा दाखला तयार.
बाप सिपना ओलांडून पायी आला,
पायीच घेऊन गेला.
पुढच्या बुधवारी अंडी आली,
उकडलेली, दोऱ्यानं कापून अर्धी अर्धी.
मी सोलली. मी खाल्लीही.

आता मी इथली अधीक्षिका.
शाळा दुसरी, पत्रा तोच.
कोठीत एक पेटी आहे.
मी आणली नाही, होतीच.
उद्या तपासणी.
काय सांगायचं ते पोरींना सांगून झालंय.

रात्री फेरीला निघाले
तर शेवटच्या खोलीत कुजबुज, कोरकूत.
दाराशी थांबले. बॅटरी विझवली.
शिट्टीची भाषा बोलून बोलून
माझीच मला अर्धी समजते आता.
थाळी म्हणाल्या, एवढं कळलं.
पुढे कुणीतरी हसलं,
आणि बाकीच्यांनी तिला गप्प केलं,
अगदी माझ्यासारखंच,
श्श करून.