अर्धं दार

तारखात्याचे जुने खांब सहा, फुकट;
वाहून आणायचं डिझेल तेवढं आपलं.
बंद पडलेल्या डेअरीचे पत्रे,
भोकं डांबरानं बुजवलेली.
मॅलकी पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडतो, खोडतो.
लेट्रिमचा वारा पश्चिमेचा,
म्हणून तबेल्याचं तोंड पूर्वेला.
याला पैसे पडत नाहीत.

दारापाशी मात्र हिशेब संपला.

मग त्यानं स्वतःच्या घराचंच उतरवलं,
खालचं-वरचं वेगळं उघडणारं, हिरवं,
ज्यावर कोपरं टेकून डेलिया आत्या
येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायची.
घराला आता ताडपत्री. फडफडते.

आणि तिथं घोडी मान टेकते,
एकोणीस वर्षांची, खालचा ओठ सैल.
पोस्टमन सवयीनं थांबतो:
काय म्हणतंय गाव?
ती फुरफुरते.
आत्याचंही त्याला
एवढंच कळायचं.