तिसरं अक्षर

सेन्सर मसुराच्या डाळीएवढा.
दुकानातल्या पोरानं लपवलं नाही काही:
बाई, यात उजेड फारसा मावत नाही.
म्हटलं, दे. माझ्या पेन्शनीतही फारसं काही मावत नाही.

रिओ ग्रान्देच्या किनाऱ्यावर वारा पश्चिमेचा,
कुणाची गय न करणारा.
मी गाडी आडवी लावते, काच अर्धी खाली,
काचेच्या धारेवर तांदूळ भरलेला मोजा,
नवऱ्याचा, जोडीतला दुसरा हरवलेला.
त्यावर कॅमेरा टेकवते, श्वास धरते
आणि झूम सोडते पुढे,
पुढे, अजून पुढे,
जिथे मघाशी नुसते दगड होते
तिथे दगडांना चोची फुटतात.

इतक्या लांबून बघताना
माझी नाडीसुद्धा भूकंप करते.
चौकटीतून अख्खा थवा उडून जातो,
आणि डोळा काढून पाहावं
तर एकही पक्षी हललेला नसतो.

सव्वीस वर्षं टीव्हीच्या कारखान्यात
मी शेवटच्या टेबलावर बसले.
काम एकच: उजळलेल्या पडद्यावरचा मेलेला ठिपका शोधायचा.
शिफ्टमध्ये चारशे पडदे.
घरी गेल्यावर भिंतीवरही ठिपके दिसायचे,
वरणातही.
आता माझ्याच फोटोत
ऊन उतरलं की रवा उधळतो,
राखाडी पाठीवर राखाडी रवा.
हा माल तेव्हा समोर आला असता
तर लाल शिक्का मारून परत धाडला असता मी.

फेब्रुवारी सरत आलेला.
प्लायेरोंच्या छातीवर विटकरी रंग धरू लागलाय,
एकसारखा नाही, ओल आलेल्या भिंतीसारखा, जागोजागी.
बारके शिंपले कवचासकट गिळतात,
चावत बसायला वेळ नाही त्यांना.
उत्तर ध्रुवाच्या अंगणात जायचंय.
मी पुलापलीकडे जाते ती दातांच्या डॉक्टरकडे.

भरती त्यांना ढकलत ढकलत
रस्त्याच्या कठड्यापर्यंत आणते.
तेव्हा दिसली ती:
एकाच्या पायात नारिंगी झेंडी.

दोनशे बारा फोटो काढले.
एकात पाय चिखलात,
एकात मध्ये दुसऱ्याचं बूड,
एकात कॅमेऱ्यानं पक्षी सोडून
मागच्या शेवाळावर जीव लावला,
त्यातलं शेवाळ मात्र काय सुरेख आलंय.
मग बाराओना बेकरीवाल्याचा तांबडा कुत्रा आला
आणि पुढचे नऊ फोटो आभाळाचे.

रात्री आयलिन कुरुमिल घरी आली.
ती पक्षी मोजते, पगारावर नाही, हट्टावर.
तिच्या वहीत त्यांचे जन्मदाखले.
एक फोटो बरा निघाला होता.
पहिलं अक्षर टी. मग चार.
तिसरं?
मोठं केलं, अजून मोठं केलं,
अक्षर विरघळलं, चौकोन उरले.
एच आणि एन यांच्यात फरक एका काडीचा:
मधली आडवी, की तिरकी.

आयलिननं वही माझ्याकडे फिरवली.
टी चार एच. तीन वर्षांपूर्वी तिनंच
स्वतःच्या हातानं त्याला झेंडी बांधली होती.
गेल्या उन्हाळ्यात तो कुणालाच दिसला नव्हता.
तोच असेल, ती म्हणाली,
एन तर कधी इकडे आलाच नाही.
लिहू?

पोरीच्या आवाजात काय होतं ते मला कळलं.
लिहायला हरकत कुणाची होती?
पक्षी काही तक्रार करणार नव्हता.
मी चष्मा पुसला. फोटो लहान केला, मोठा केला,
बाजूला सरकून तिरपा पाहिला,
टेबलावरचे पडदे बघायचे तसा.
काडी काही केल्या एका बाजूला पडेना.

म्हटलं, टी लिही. चार लिही.
पुढे आडवी रेघ मार.

तिनं मारली. पेन जरा जास्तच दाबून.
माते न पिताच गेली.

मोज्याची गाठ सैल झालीये,
तांदूळ सांडलाय सीटखाली, राहू दे.
बॅटरी चार्जिंगला लावलीये.
उद्याची भरती सात वाजून दहा मिनिटांनी.