एका वकिलाला दोघं चालत नाहीत

हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर
मिसेस थिबोडो बसतात. तासाला तीनशे दहा डॉलर.
जिन्यात खिळ्यांचा आणि रंगाचा वास.
आम्ही दोघं एकाच ट्रकमधून गेलो होतो,
ॲन्सेलनं दाढीसुद्धा केली होती.
त्या म्हणाल्या, मला एकाचीच वकील होता येईल,
दुसऱ्यानं दुसरा शोधावा.
तोवर, मिस्टर बील, तुम्ही बाहेर बसा.

तो बाहेर बसला.
काचेतून त्याची टोपी दिसत राहिली, मांडीवर काढून ठेवलेली.

माझी बहीण म्हणते, अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न करतेस
आणि बोहल्यावर चढायच्या आधीच
काडीमोडाची काडी हातात?
अगं, छापील करार मिळतो इंटरनेटवर, एकोणीस डॉलरला.
नावं भरायची, सह्या करायच्या,
उरलेल्या पैशात केक येईल तीन मजली.

ती विसरली असेल. मागच्या वेळी मी वकील केला नव्हता.
बटाटे सोलता सोलता, ओल्या हातानं
ग्लेननं पुढं केलेल्या कागदावर सही केली.
कोपऱ्यात बोटाचा डाग पडला,
तेवढाच माझा आक्षेप.
त्याचं कर्ज माझं झालं. घर गेलं,
मागची सफरचंदाची चार झाडं गेली, ऐन बहरात.
दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात.
मला ताक मिळवायलाच एकोणीस वर्षं लागली:
अकरा पेट्या मधमाश्या
आणि आईचं घर, समुद्राकडं पाठ करून उभं असलेलं.

त्याच्याकडं बोट आहे. आठशे पिंजरे लॉब्स्टरचे.
बोटीचं नाव ‘लोर्ना जीन’.
लोर्ना त्याची बायको, सहा वर्षांमागं गेली.
बोटीचं नाव बदललं तर समुद्र डूख धरतो,
मेनच्या या किनाऱ्यावर सगळेच मानतात.
मीही मानते, दिवसा.
रात्री नाही मानत.

पाण्यात पडलं की पोहता येतं, असं म्हणणारा
या पाण्यात कधी पडलेला नसणार.
ॲन्सेल चाळीस वर्षं समुद्रावर आहे, त्याला पोहता येत नाही.
त्याच्या बापालाही येत नव्हतं.
विचारलं तर म्हणतो, पाणी इतकं गार की
पोहणारा फक्त दहा मिनिटं जास्त घाबरतो.

मला ती दहा मिनिटं हवीत.
तासाला तीनशे दहाच्या भावानं का होईना.

याद्या करायला सांगितल्या. काय आहे, काय देणं आहे.
त्याचा वकील एल्सवर्थला, तिथून त्याची यादी आली
तिसऱ्या आठवड्यात, टाइप केलेली.
चौथी ओळ: बँकेचे एकतीस हजार,
भावाच्या इलाजासाठी. भाऊ दारू सोडायला गेला होता, दोनदा.
तीन वर्षं दर बुधवारी माझ्याकडं सूप प्यायला येतो हा माणूस,
मीठ कमी पडलं तर तेही सांगतो,
हे नाही सांगितलं.
वकिलाला सांगितलं, कारण लपवलं तर करार रद्द होतो.

मी यादी फ्रीजवर ठेवली. उलटी.
मग आठवलं, माझ्या यादीतही
ग्लेनचा एक हप्ता अजून चालू आहे,
आणि तीही आज कुणाच्या तरी टेबलावर पोचली असणार.

काल बंदरावर भेटलो. दोन ट्रक,
उलट्या दिशांना तोंडं, खिडकीला खिडकी.
इथली माणसं अशीच बोलतात, इंजिन चालू ठेवून.
माझी वकील म्हणते, सातव्या कलमावर सही करू नका.
तो म्हणाला, माझाही तेच म्हणतो.
दोघांनाही सातवं कलम काय ते आठवेना.

त्यानं कॉफीचा कप पुढं केला. एकच होता,
झाकण दातांनी चावलेलं.
मी घेतला.
त्यानं इंजिन बंद केलं.
मी अजून नाही.