पिकलची वाट

शेफील्डमध्ये अकरा वर्षं, आणि मला दोनच रस्ते ठाऊक:
हॉस्पिटलचा, आणि हॉस्पिटलहून परतीचा.
मग शेजारच्या ग्लेनिसचा खुबा मोडला
आणि तिचा कुत्रा माझ्याकडे आला.
नाव पिकल, म्हणजे लोणचं.
मुरलेलंच, बारा वर्षांचं.

पट्टा मी धरते. वाट तो काढतो.
रिव्हलिनच्या काठाकाठाने,
पडक्या गिरणीच्या तळ्याला वळसा घालून,
पुढे पाण्यात मांडलेले दगड.
तिथे तो थांबतो, मागे वळून बघतो,
जशी काही मीच म्हातारी.

एंडक्लिफ पार्क त्याला पटत नाही.
फार बदकं, फार सायकली, फार आइस्क्रीम.
दफनभूमीमागची चढण मात्र आवडते;
वर एक बाक आहे, ग्लेनिसचा.
तो खाली अंग टाकतो.
मीही टेकते. रात्रपाळीला अजून अवकाश आहे.

चिखलात भेटणारे सगळे
त्याला नावाने हाक मारतात,
मला नुसती मान हलवतात.
आज एक आजोबा बूट झटकत म्हणाले,
"तुम्ही पिकलची आई ना?"

ग्लेनिस बुधवारी घरी येतेय.

मी हो म्हणाले.