सांबार वेगळा लागते का

हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात आम्ही
आलापल्ली पाठ केली ती पोटानं.
चार रस्ते, एक चौक,
सागवानाचे ट्रक, आणि ट्रक गेल्यावर
धुळीतून हळूहळू पुन्हा दिसू लागणारी
भज्यांची कढई.

चौघांचे मिळून साठ रुपये.
हिशेब रैनू पुंगाटीकडे,
कारण वनस्पतीशास्त्राच्या वहीची शेवटची पानं
त्याच्याचकडे कोरी होती.
डाव्या पानावर पाकळ्या, पुंकेसर.
उजव्या पानावर: आलुबोंडा दोन,
रस्सा तीनदा मागितला,
भाऊ रागावला नाही.

बसस्टँडमागे तर्री-पोहा.
तवंग इतका लाल
की अफरोजच्या चष्म्यात उतरायचा.
नाक पुसत खायचो
आणि वर गडवाभर थंड पाणी,
त्यालाच स्वीट डिश म्हणायचो.

टुंपा हालदार घेऊन गेली बाजाराच्या टोकाला,
तिच्या गावच्या काकांच्या टपरीवर.
घुगनीवर कच्चा कांदा, शेजारी मुढी.
"हे तर मुरमुरे," मी म्हटलं.
"मुढी आहे," ती म्हणाली,
महिन्याभरात पहिल्यांदाच जरा मोठ्यानं.
तेव्हापासून वहीत मुढी.

पोसक्काची इडली मात्र
दोन आठवडे लांबूनच पाहिली.
पाटीवर सगळं गोल गोल तेलुगू,
आणि भाव विचारायची लाज.
शेवटी मीच गेले पुढे.
"सांबारसंग पाहिजे?"
आमच्या घरी सांबार म्हणजे कोथिंबीर,
आई वरणावर चिमूटभर टाकते तो.
म्हटलं, "थोडासाच टाका.
वेगळा लागते का?"
तिनं पुढ्यात वाटी ठेवली,
पिवळी, वाफाळती,
शेवग्याची शेंग ओंडक्यासारखी तरंगत.
मी तिच्यात हिरवं पान शोधत राहिले.
रैनूनं हे तारखेसकट लिहून ठेवलंय.

पोसक्का हसली नाही.
म्हणाली, "मराठी लिवता येते ना तुमाले?
मंग पाटी लिहून द्या मले."

रविवार. अफरोजच्या अब्बांच्या गॅरेजातला
उरलेला निळा ऑइलपेंट.
दोन अक्षरांवर तासभर भांडण:
सांबार की सांभार.
टुंपाच्या तोंडी तर शाम्बार.
रैनूला विचारलं, "तुमच्या माडियात काय म्हणते बे याले?"
तो म्हणाला, "आमच्याकडे हे नाहीच.
नाही त्याले नाव कायले?"
मग थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.
मग त्यानंच ब्रश घेतला हातात,
अक्षर त्याचंच चांगलं.

मजुरी: महिनाभर रोज एक प्लेट,
चमचे चार.

आता तिसरं वर्ष.
भाव खोडून दोनदा नवा लिहिलाय,
दुसऱ्याच कुणाच्या हातानं, लाल रंगात.
सांबार तोच आहे, निळा,
शेवटचा र जरा खाली घसरलेला,
त्या वेळी ट्रक गेला होता
आणि स्टूल हललं होतं.

काल पाटीखाली एक पोट्टा उभा.
पाठीवर नवी सॅक, किमतीचा कागद तसाच चिकटलेला,
मुठीतली नोट घामानं ओली.
ओठ हलवत वाचत होता.
माझ्याकडे वळून म्हणाला,
"ताई, सांबार वेगळा लागते का?"

कोणता, ते मी विचारलं नाही.
बाकावर सरकले.
पोसक्कानं वाटी भरलीच होती,
आणि वरून,
कधी सुरू केलं तिनं कोण जाणे,
चिमूटभर सांबार.