लादी

फेर्मीन बर्फ विकायचा.
हे आधी सांगते,
कारण चौकातल्या दगडावर ते लिहिलेलं नाही.
तिथे आडनावातलं एक अक्षर गळालंय
आणि पुढे कोरलंय: वीर.

पाराना नदीच्या या काठाला
जानेवारीत कोंबड्या चोच उघडी टाकून बसतात,
दुपारी दोनला कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
तेव्हा तो यायचा.
गाडीत भाताचं तूस, तुसात लाद्या,
खांद्यावर ओलं गोणपाट
आणि तोंडात घोडीसाठी शिव्या,
ग्वारानीतल्या, लाडाच्या.
खाटकाला दोन लाद्या, दवाखान्याला अर्धी,
मासेवाल्या एपिफानियाला उधारीवर कोपरा.
मला, त्याच्या शेपटाला,
चिमट्याने उडवलेली कपची.
ती मी फ्रॉकच्या खिशात घालायचे.
घरी पोचेपर्यंत खिसा रिकामा, मांडी ओली.
तो हसायचा. दुलिया,
बर्फ साठवायचा नसतो गं, तोंडात टाकायचा.

त्याच्या तळहातांना बर्फ चावत नसे.
यावर तो पैजा लावायचा:
शंभर मोजेपर्यंत लादीवर हात.
समोरचा तिसावर पळायचा.
म्हणून बोलावणं आलं तेव्हा
बर्फखान्याचा मालक म्हणाला,
दक्षिणेत थंडी आहे म्हणतात,
मग याच्याइतका लायक पोरगा कोण?
सगळे हसले.
मीही.

आई गावभर स्वेटर शोधत फिरली.
आमच्या गावात स्वेटर कोणाकडे असणार?
शेवटी पाद्रीबाबांचा मिळाला,
काळा, एका कोपरावर उसवलेला.

बेटांवरून एकच पत्र आलं.
"आई, इथे थंडी किलोवर मिळत नाही.
फुकट आहे, तरी संपत नाही.
खंदकात पाणी आहे, बूट वाळत नाहीत.
घोडीच्या मागच्या डाव्या पायाची नाल सैल आहे, बघा.
दुलियाला सांग,
इथे खिशातला बर्फ विरघळत नाही."
मी नऊ वर्षांची.
मला जायचं होतं तिथे.

ऑक्टोबरात दोन माणसं आली, टोप्या काखेत.
घामाने डबडबलेली. पाणी मागितलं.
आईने सवयीने बर्फ घातला.
ते बोलले, तोवर तो पेल्यांत वाजत होता.
नाव आहे, म्हणाले. बाकी काही सापडलं नाही.
त्यानंतर आमच्या घरात बर्फ आला नाही.
चाळीस डिग्रीत आई कढत माते पिते,
शेजारणी बघत राहतात.

ग्वारानीत थंडीला रोई म्हणतात.
जुनी माणसं वर्षालाही रोईच म्हणायची.
शाळेत भाषणाला बोलावलं तेव्हा
एका पोराने विचारलं, आजी, किती रोईंचा होता?
एकोणीस, आई म्हणाली.
मग माईक परत ओढून घेत:
वीस.
शेवटची त्याने एकट्याने काढली.

पस्तीस वर्षांनी राजधानीतून एक मुलगी आली,
रबरी हातमोजे, नम्र आवाज.
आईच्या बोटातून एक थेंब घेऊन गेली.
सात महिन्यांनी कळलं:
दुसरी रांग, डावीकडून सहावा.
तोवर त्याच्यावर लिहिलेलं होतं,
केवळ देवालाच ठाऊक असलेला सैनिक.
देवाला ठाऊक होतं, आई म्हणाली,
मग एवढी वर्षं तोंडात काय धरून बसला होता?

विमानाने नेलं आम्हाला, एका दिवसापुरतं.
झाड एकही नाही. वारा असा
की बाया एकमेकींचे पदर नाही, हात धरून चालत होत्या.
पांढरे क्रूस, प्रत्येकापुढे काळी लादी.
आई ओणवी झाली, चौऱ्याऐंशीची,
आणि उघडा तळवा दगडावर टेकवला.
ओठ हलत होते.
मला वाटलं, प्रार्थना.
जवळ गेले तर आकडे.
तिसाला मी तिच्या दंडाला धरलं.
शंभरानंतर म्हटलं, आई, बस निघतेय.
ती पुढे मोजत राहिली.

परतीच्या विमानात तिने खिडकी लावून घेतली,
बराच वेळ हातावर हात चोळला.
मग म्हणाली,
त्या स्वेटरचं कोपर
शिवून द्यायला हवं होतं मी.
दोरा होता घरात. काळाच होता.